मला जमिनीवर उतरवलं तेव्हा

मी एक जुना मायक्रोटोम आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. मेणात बसवलेल्या नाजूक वस्तूचे केसाहूनही पातळ काप करणं, एवढंच माझं काम. माझ्या उजव्या अंगाला एक जड चाक आहे. ते फिरवलं की मेणाची वडी वरखाली होते, समोरच्या पोलादी सुरीवरून जाते आणि एकेक काप सुटत जातो. काप एकमेकांना चिकटून त्यांची लांब फीत होते. ती फीत काचेवर पसरून रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मग जे डोळ्यांना कधीच दिसलं नसतं ते दिसू लागतं.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. भट्टीतून निघालेलं माझं बिडाचं अंग कारागिरांनी घासून गुळगुळीत केलं, त्यावर काळा रंग चढवला आणि मला पेंढ्यात गुंडाळून लाकडी पेटीत बंद केलं. कुर्डुवाडीला मोठ्या रेल्वेतून उतरवून मला छोट्या गाडीत चढवलं. ती गाडी इतकी हळू चालायची की वाटेतल्या शेतांतली माणसं तिच्याशी बोलत असावीत, असं मला पेटीतून वाटे. अशा रीतीनं मी लातूरला आलो.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. रोज कुठल्या तरी नव्या कचेरीची पाटी लागत होती. आमच्या कॉलेजालाही संशोधन केंद्र मिळालं होतं, आणि माझी खरेदी त्याच उत्साहात झाली. पण मला चालवणार कोण? सुरुवातीला मी कापडाखाली झाकलेलाच राहिलो. पाहुणे आले की कापड काढायचं, पाहुणे गेले की पुन्हा घालायचं. पुढं प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख अमृतराव बिराजदार सर हैदराबादहून हे काम शिकून आले. त्यांनी चामड्याच्या पट्ट्यावर माझी सुरी परजली, चाकाला तेल दिलं आणि बेडकाच्या मज्जारज्जूची पहिली फीत काढली. ती फीत बघायला इतर विभागांतले शिक्षकसुद्धा जमले. "यंत्र म्हणावं तर असं," ते म्हणाले. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पण मला तुम्हाला माझी नाही, शिवकांताची गोष्ट सांगायची आहे.

शिवकांता निलंग्याची. तिचे वडील गुरुपादप्पा यांचं तिथं किराणा दुकान होतं. घर शिवभक्तांचं, शाकाहारी. अशा घरातली मुलगी नांदेडला एम.एस्सी. करून आमच्या विभागात पीएच.डी.साठी आली आणि तिनं विषय निवडला तो नदीतल्या खेकड्याच्या मेंदूचा. गुरुपादप्पांनी एवढंच सांगितलं, "पोरी, आंघोळ केल्याबिगर सैपाकघरात पाऊल टाकू नको." बाकी त्यांनी तिला अडवलं नाही.

खेकड्याचा मेंदू ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो. त्यात काही पेशी अशा असतात, की त्या संदेश तर देतातच, शिवाय स्वतःत एक द्रव्य तयार करून साठवतात. विशिष्ट रंग दिला की ते द्रव्य जांभळ्या कणांसारखं दिसतं. नदी भरलेली असताना या पेशी कशा असतात आणि पाणी आटत जातं तेव्हा त्यांत काय होतं, हा शिवकांताचा प्रश्न होता. ती दर महिन्याला मांजरा नदीवरून खेकडे आणायची, त्यांचे मेंदू काढून मेणात बसवायची आणि माझ्यापुढं बसायची. तिचा हात मी विसरणार नाही. चाक ती ओढत नसे, ढकलत नसे. नुसतं चालू द्यायची.

मग लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले.

माझ्या खिडकीतून रस्ता दिसतो. टँकर आला की बायका घागरी घेऊन धावायच्या, आणि टँकर निघून गेल्यावरही रिकाम्या घागरींची रांग तशीच बसून राहायची. विभागातले नळ आधी दिवसाआड आले, मग आठवड्याला, मग बंदच झाले. रंग धुवायला पाणी नाही म्हणून कित्येक विद्यार्थ्यांनी काम थांबवलं. शिवकांताला मात्र थांबणं शक्य नव्हतं. ज्या काळाचं उत्तर ती शोधत होती तो काळ आता समोर येऊन उभा होता.

मांजरेचं पात्र भेगाळलं होतं. ती आणि तिच्याबरोबर संशोधन करणारा सिद्धेश्वर टिकाव घेऊन नदीत गेले आणि खेकड्यांची बिळं खणू लागले. जवळच एक म्हातारी पाण्यासाठी वाळूत झिरा उकरत बसली होती. तिनं विचारलं, "काय हुडकायलीस गं?"

"खेकडे, आजी."

"बरं. पाणी लागलं तर हाक मार," म्हातारी म्हणाली.

विभागात परतल्यावर हे सांगताना सिद्धेश्वर हसला होता. शिवकांता हसली नाही. त्या दिवशी त्यांना खोल ओल्या चिखलात दडलेले मोजके खेकडे मिळाले. पुन्हा गेले तेव्हा बिळांत कोरडी कवचं होती. म्हणजे त्या मोजक्या खेकड्यांच्या मेंदूंच्या वड्या हेच तिचं सगळं धन होतं. त्या बिघडल्या तर दुसऱ्या मिळणार नव्हत्या.

मित्रांनो, एक गोष्ट शिवकांतानं विभागात कुणालाच सांगितली नव्हती. तिला लहानपणापासून फिट येत असे.

उन्हाळा तापू लागला होता तेव्हाची गोष्ट. भर दुपारी ती माझ्यापुढं स्टुलावर बसून फीत काढत होती. एकाएकी चाक थांबलं. मग ते पुढं गेलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं. तिची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले आणि ती स्टुलासकट मागं कोसळली. तिच्या अंगाला जोरजोरात झटके बसू लागले. माझ्या सुरीचा तिला स्पर्शही झाला नाही. पण ते कुणी पाहिलं नाही. सगळ्यांना फक्त सुरी दिसली.

पोरं ओरडत आली. विभागाच्या शिपाई साखराबाई यांनी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरली. कुणी कांदा आणायला पळालं. कुणी तिचे दात उघडायला चमचा घातला, त्यानं तिचा ओठ फाटला. थोड्या वेळानं झटके आपोआप थांबले. शुद्धीवर आली तेव्हा तिच्याभोवती माणसांचं कडं होतं आणि ओठातून रक्त येत होतं. तिनं पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे बघितले. मग तिनं ओढणी तोंडावर घेतली.

दुसऱ्या दिवशी बिराजदार सरांनी तिला माझ्यासमोरच बोलावून घेतलं.

"तू माझ्यापासून लपवलंस," सर म्हणाले.

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का, सर?"

सरांनी माझ्या सुरीकडं बोट दाखवलं. ते वाईट नव्हते. त्यांना खरोखर भीती वाटली होती. "या सुरीला दयामाया नाही, शिवकांता. उद्या मान तिच्यावर पडली तर मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू? आजपासून मायक्रोटोमला हात लावायचा नाही. काप सिद्धेश्वर करील. तू फक्त स्लाइड बघ."

ती बाहेर गेली नाही. साखराबाई झाडायला आल्या तेव्हाही ती कोपऱ्यात तशीच बसली होती. त्यांनाच तिनं खरं काय ते सांगितलं. "मावशी, फिटची गोळी घेतली की हात जड होतो. झापड येते. काप फाटतात. वड्या तर एवढ्याच राहिल्यात. म्हणून मी सकाळची गोळी सोडून दिली होती."

"आगं बया," साखराबाई तिथंच खाली बसल्या. "जिवापरीस खेकडा मोठा झाला व्हय?"

 गुडघ्यांवर कपाळ टेकवून शिवकांता कितीतरी वेळ रडली. इतकी वर्षं माझ्यापुढं बसणारी ती मुलगी, तिचं रडणं मी पहिल्यांदा ऐकलं. मला हात नाहीत, मित्रांनो. मला फक्त एक चाक आहे, आणि तेही कुणीतरी फिरवावं लागतं.

सिद्धेश्वर काप करू लागला. तो मनापासून करायचा, पण त्याच्या हाताला गांडुळाच्या जाड कापांची सवय होती. उन्हानं मेण मऊ पडायचं. गार करायला बर्फ नव्हता, कारण पाण्याअभावी बर्फाचा कारखाना बंद होता. मऊ वडी सुरीवर आली की चुरगाळायची. एक वडी गेली. दुसरी गेली. शिवकांता दारात उभी राहून बघायची. तिला आत यायला बंदी नव्हती, तरी ती उंबरा ओलांडत नसे. तिसरी वडी चुरगाळली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले आणि भिंतीला टेकली.

उरलेल्या वड्या ती फडक्यात गुंडाळून विभागातल्या माठाच्या बुडाशी ठेवायची. माठ पाझरता राहावा म्हणून स्वतःच्या वाट्याचं पिण्याचं पाणी त्यात ओतायची. तिचे ओठ फुटले होते. 

एक दिवस गुरुपादप्पा एस.टी.नं निलंग्याहून आले. सरांनीच त्यांना बोलावलं होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात टोपी, अंगावर प्रवासाची धूळ. लेकीला बघून ते दाराशीच थबकले.

"किती वाळलीस गं," ते म्हणाले. "चल घरी. लई झाली शाळा."

"अप्पा, माझं काम राहिलंय."

"सुरीचं काम हाय म्हणं. सर सांगत होते. तुझ्यासारखीनं सुरीपाशी बसू ने."

शिवकांतानं वर बघितलं. तिचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली आला. "घरी विळी न्हाई का, अप्पा? विळीवर भाजी कोण चिरतं? चुलीपुढं कोण बसतं? आडातून पाणी कोण शेंदतं? तिथं मी पडंल म्हणून कुणाला भ्या वाटलं न्हाई कधी. इथंच कसं वाटायलंय?"

गुरुपादप्पा हातातल्या टोपीकडं बघू लागले. बिराजदार सर त्यांच्या मागंच उभे होते.

"सर," शिवकांता म्हणाली, "मी पडते, हे खरं आहे. पडताना स्टुलावरून पडते म्हणून भीती. मग मला उंच बसवू नका. यंत्र खाली जमिनीवर ठेवा. मी मांडी घालून बसेन. चाक थांबलं की सुरीवर लाकडी झाकण टाकेन. गोळी मी चुकवणार नाही, हात हळू चालला तर चालू दे. कुणीतरी सोबत बसावं. आणि फिट आलीच तर काय करायचं ते मी आज सगळ्यांना सांगते. हे एवढं करूनही जमलं नाही, तर मी स्वतः अप्पांबरोबर जाईन."

 सर खोलीतून निघून गेले. गुरुपादप्पा लेकीशेजारी बाकावर बसून राहिले. त्यांनी पिशवीतून बाटलीभर पाणी काढून तिच्यापुढं धरलं. ती त्यातलं थोडं प्यायली. उरलेलं घेऊन ती माठाकडं निघाली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला, आणि तिला तेही प्यायला लावलं.

दुपारी सिद्धेश्वर सरांकडं गेला. दार उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. "सर, माझ्यानं व्हत न्हाई. तिच्या तीन वड्या मी वाया घालवल्या. उरलेल्या वाया घालवायचं पाप मला नको. तिला करू द्या, न्हाईतर ते काम तसंच राहू द्या."

संध्याकाळ व्हायच्या आत सर आले. त्यांनी बाह्या वर केल्या. एका बाजूनं त्यांनी, दुसऱ्या बाजूनं सिद्धेश्वरनं मला धरलं. बिडाचं अंग माझं, मी काही हलका नाही. सर घामाघूम झाले, पण त्यांनी मला टेबलावरून उचलून खाली फरशीवर ठेवलं. भोवती सतरंज्या अंथरल्या. माझी सुरी झाकायला त्यांनी शिसवी लाकडाची एक पट्टी कापून घेतली होती. मग सर स्वतः खाली बसले आणि म्हणाले, "आता सांग. फिट आली तर आम्ही काय करायचं?"

शिवकांतानं सगळ्यांना गोल बसवून सांगितलं. "घाबरू नका. मला धरून ठेवू नका. जवळची टोकदार वस्तू दूर करा. डोक्याखाली काहीतरी मऊ सारा. कुशीवर वळवा, म्हणजे श्वास अडकत नाही. तोंडात काही घालू नका. चमचा नको, पाणीही नको. चप्पल हुंगवू नका." साखराबाईंनी मान खाली घातली. शिवकांतानं त्यांचा हात दाबला. "घड्याळाकडं बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या. थांबली तर मला झोपू द्या."

त्यानंतरचे दिवस पहाटेचे होते. ऊन चढायच्या आत मेण जेवढं घट्ट असायचं तेवढ्या वेळातच काम व्हायचं. साखराबाई दार उघडायच्या आणि तिच्याजवळ सतरंजीवर बसून राहायच्या. गोळीमुळं शिवकांताचे डोळे जड असायचे. हात मंद चालायचा. एक फीत अर्ध्यावर फाटली. एक वडी माठाशी ठेवूनही आतून मऊ निघाली. तिनं सुरीवर झाकण टाकलं आणि दोन्ही तळहात फरशीवर टेकवून नुसती बसून राहिली. "आता एकच राहिली, मावशी," ती म्हणाली.

ती शेवटची वडी तिनं दुसऱ्या पहाटे लावली. मी जन्मात इतक्या भीतीनं कधी फिरलो नव्हतो. एक काप सुटला. दुसरा सुटला. फीत वाढत गेली, तुटली नाही. साखराबाई श्वास रोखून बघत होत्या. मेंदूच्या एका टोकापासून दुसरं टोक येईपर्यंत चाक एकदाही अडखळलं नाही.

काही दिवसांनी रंगवलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली धरून तिनं बराच वेळ बघितलं, आणि सरांना हाक मारली. सरांनी डोळा लावला. "पेशी भरून वाहतायत," ते पुटपुटले. कोरड्या नदीतल्या त्या खेकड्याच्या पेशी जांभळ्या कणांनी गच्च भरलेल्या होत्या. याचा अर्थ काय लावायचा यावर दोघं पुढं वर्षभर वाद घालत राहिले. पण ते दिसलं होतं, आणि तिच्या हातानं केलेल्या कापांत दिसलं होतं.

पुढं पाऊस झाला. प्रबंध लिहून झाला. तोंडी परीक्षेसाठी धारवाडचे एक वयस्कर परीक्षक आले. परीक्षा आमच्याच प्रयोगशाळेत होती. शिवकांता फळ्यापाशी उभी राहून उत्तरं देत होती. परीक्षकांनी विचारलं, की कण साठले ते पाण्याअभावी की नुसत्या उन्हामुळं, हे तू कशावरून सांगशील? तिनं बोलायला तोंड उघडलं आणि थांबली. हातातला खडू खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "सर, मला फिट येतेय. मी खाली बसते."

ती सतरंजीवर बसली, आडवी झाली आणि झटके सुरू झाले. परीक्षक दचकून उठले. खोलीत कुणीही ओरडलं नाही. सिद्धेश्वरनं फळ्याचा स्टँड बाजूला ओढला. साखराबाईंनी आपला पदर तिच्या डोक्याखाली सारला आणि तिला कुशीवर वळवलं. सर घड्याळ बघत होते. झटके थांबले. ती झोपली.

परीक्षक आपले कागद गोळा करू लागले. "हे राहू द्या, बिराजदार. हिला अशी परीक्षा झेपायची नाही. मी पुन्हा कधीतरी येईन."

"बसा, सर," बिराजदार सर म्हणाले.  "तिचं उत्तर राहिलंय."

"माझी गाडी आहे."

"दुसरी गाडी मिळेल. ती उठेपर्यंत मी तुम्हाला जाऊ देणार नाही."

आणि तो सगळा वेळ सर खोलीतच थांबले. परीक्षकांनी चहा घेतला, तिच्या स्लाइड पुन्हा एकदा बघितल्या.  शिवकांतानं डोळे उघडले तेव्हा ती गोंधळलेली होती. उठून उभी राहायला धडपडू लागली तसे परीक्षक पुढं झाले आणि कानडीत म्हणाले, "निधान, अम्मा, निधान." सावकाश, बाळा, सावकाश. कर्नाटकाच्या सीमेजवळच्या निलंग्याच्या त्या मुलीला हे शब्द घरचेच होते. ती पुन्हा खाली टेकली. परीक्षकसुद्धा, धोतर सावरत, तिच्यासमोर सतरंजीवर बसले. तिथंच, जमिनीवर बसून, तिनं राहिलेलं उत्तर दिलं.

आज शिवकांता डॉ. शिवकांता आहे आणि नांदेडला शिकवते. तिला नोकरी सहज मिळाली नाही. फिट येते म्हटल्यावर दोन ठिकाणी तिला दारातूनच परत पाठवलं. पण तिनं ते पुन्हा कधी लपवलं नाही.

मी आता कपाटात आहे. माझ्या चाकावर गंज चढतो आहे. कधी मला बाहेर काढलंत, तर थोडं तेल द्या आणि सुरी कोरडी पुसून ठेवा. एवढी काळजी यंत्राला पुरते. माणसाला मात्र एवढी पुरत नाही, मित्रांनो. तुमच्या वर्गात कुणी पडणारं असेल, अडखळणारं असेल, तर तुम्हाला भीती वाटेल. वाटू द्या. पण त्या भीतीपोटी त्याला दाराबाहेर उभं करू नका. आधी त्यालाच विचारा, तुला काय लागतं? कदाचित तो फार काही मागणार नाही. फक्त टेबल थोडं खाली घ्या म्हणेल, आणि मी उठेपर्यंत थांबा म्हणेल.